शेवटचा हात बाईंचा

६ फेब्रुवारी

दवाखान्यातल्या डॉक्टरांचा त्यांच्याकडच्या नोकरीसाठी पुन्हा फोन आला. "झाला का विचार?" मी म्हटलं, "चाललाय." हे खोटं नाही, पण धड खरंही नाही. मी 'हो' म्हणणार हे मला त्यांच्या पहिल्याच फोनला कळलं होतं. चाललंय ते वेगळंच. मला 'हो' का म्हणायचंय, ते मी शोधतेय.

आता जिथे कृत्रिम डोळे करता तिथे नेमकं काय काय करता, असं त्यांनी विचारलं. मी पाठ केल्यासारखं सांगितलं. ज्याचा डोळा गेलाय त्याच्या खोबणीचा साचा आमच्याकडचे कारागीर मामा घेतात. त्यावरून प्लास्टिकचा पांढरा डोळा तयार होतो. त्या माणसाला खिडकीपाशी बसवून, त्याच्या चांगल्या डोळ्याकडे बघत मी बुबुळ रंगवते, शर्टाच्या बटणाएवढ्या चकतीवर. मधोमध काळी बाहुली. रंगवून झालं की चकतीवर पाण्याचा थेंब ठेवून बघायचं, कारण वर पारदर्शक घुमट बसला की रंग तसाच ओला दिसणार असतो. पांढऱ्या भागावर बाई, म्हणजे आमच्या मालकीण, लाल रेशमाचे धागे पसरतात, त्या रक्तवाहिन्या. मग घुमट, मग पॉलिश.

"म्हणजे अख्खा डोळा तुम्ही एकटीने करू शकता?"

"हो, करते की."

फोन ठेवल्यावर आठवून पाहिलं. अख्खा डोळा मी एकटीने एकदाही केलेला नाही. चकती माझ्या हातून बाईंकडे जाते आणि पुढचं त्या बघतात, अशीच इथली पद्धत आहे. 'करते' आणि 'करू शकते' यांतला फरक त्यांना फोन करून सांगायला हवा का? नवरा म्हणतो, सांगू नकोस, वेडी समजतील.

बाईंविरुद्ध माझ्याकडे काहीही नाही. लेक लहान होती तेव्हा तिला तापात कडेवर घेऊन कामाला गेले होते. बाईंनी कपाटातली सतरंजी काढून तिला खिडकीखाली निजवलं आणि दिवसभर स्वतः पायांचा आवाज न करता वावरल्या. सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा मी रजा मागायच्या आधीच म्हणाल्या, "तू इथे काय करतेयस? घरी जा." आवाज चढवून एकदाही बोलल्या नाहीत. त्यांनी माझी चूक काढल्याचं मला आठवत नाही. अशा जागेवरून उठून जाणारी बाई एकतर कृतघ्न असणार, नाहीतर तिच्या पोटात काहीतरी असणार. माझ्या पोटात काय आहे ते मला सापडत नाही.

१० फेब्रुवारी

आज बोलायचंच म्हणून गेले. मामा बाहेर गेल्याचं बघून बाईंच्या टेबलापाशी उभी राहिले.

"बाई, जरा बोलायचं होतं."

"किती दिवस?"

"कसले किती दिवस?"

"रजा गं."

"रजा नकोय."

"मग पगार," त्या म्हणाल्या आणि कपाळावर हात मारला. "बघ, माझ्या लक्षातच राहिलं नाही. तू तोंड उघडत नाहीस आणि माझ्याकडून राहून जातं. या महिन्यापासून वाढवते."

यावर मी काय बोलले? "थँक्यू बाई" म्हटलं आणि जागेवर येऊन बसले.

नोकरी सोडायला गेले आणि पगारवाढ घेऊन आले. नवरा पोट धरून हसला. "दर महिन्याला अशीच सोडत जा," म्हणाला.

१३ फेब्रुवारी

जेवताना सगळ्यांनी मिळून मला कारण शोधून दिलं.

सासूबाई म्हणाल्या, "माझ्या नावावर खपव. म्हातारीचं आता कुणीतरी करायला हवं, म्हणावं."

"आई, अजून तुम्हीच माझं करताय."

"ते तिला कुठे माहितेय?"

"त्यांना माहितेय. तुमच्या हातची चटणी दर आठवड्याला खातात त्या."

नवऱ्याचं म्हणणं, तब्येतीचं सांगावं, तब्येतीला कुणी उलट प्रश्न विचारत नाही. मी म्हटलं, विचारतील. इतकंच नाही, डॉक्टरकडे स्वतः घेऊन जातील. लेक मान खाली घालून जेवत होती. ती म्हणाली, "आई, तुला जायचंय एवढं पुरत नाही का?"

मला ते पुरतंय असं वाटलं नाही. वाईट माणसाला 'मला जायचंय' एवढं सांगून चालतं. चांगल्या माणसाला कारण द्यावं लागतं, नाहीतर ते स्वतःतच कारण शोधत बसतं. बाई तर नक्कीच शोधतील.

१९ फेब्रुवारी

आज जे कळलं ते नीट लिहून काढते. लिहिलं की कदाचित आकार येईल.

एका शाळकरी मुलीच्या डोळ्याचं काम घाईचं होतं. बाई त्यांच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. मी चकती पुरी करून मामांच्या बाकावर ठेवली आणि म्हटलं, घुमट बसवायला घ्या.

मामा म्हणाले, "बाईंचा हात फिरलाय का?"

"कसला हात?"

"तो नेहमीचा. तुमचं झालं की बाई एकदा हात फिरवतात, मग माझ्याकडे येतं."

"कुठे फिरवतात?"

"मधल्या काळ्याला. एवढंसं." त्यांनी बोटांच्या चिमटीत काहीच नसल्यासारखं अंतर दाखवलं. "केसभर वाढवतात चहूबाजूंनी."

"प्रत्येकाला?"

"प्रत्येकाला. तुम्हाला ठाऊक नाही होय?" मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते साच्यांच्या फळीकडे तोंड करून धूळ झटकायला लागले. "म्हणजे अगदी प्रत्येकाला नसेल. मला मेल्याला काय दिसतंय, चष्मा बदलायचाय."

घुमटाखाली बाहुली मोठी दिसते, हे मी इतकी वर्षं धरून चालले होते. दिसते थोडी. पण माझी बाहुली बसवल्यावर जरा जास्तच मोठी दिसायची, आणि मी समजायचे की हे सगळं घुमटाचं काम. मागे दोन विद्यार्थिनी काम बघायला आल्या होत्या. त्यांनाही मी मोठ्या थाटात तेच शिकवलं होतं. बाई तेव्हा शेजारच्या टेबलावर धागे विंचरत होत्या. काही बोलल्या नाहीत.

बाई आल्या, मामांच्या बाकावरून चकती उचलून खिडकीपाशी गेल्या, माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मी मुद्दाम बघितलं नाही. बघितलं. ब्रश हलला.

राग आला का? आला असावा. कान गरम झाले होते. पण राग कशाचा? ज्या माणसांनी आमचे डोळे लावले त्यांचं भलंच झालं. माझं नाव झालं. माझ्या चुकीचा बभ्रा कधी झाला नाही. यात माझं नुकसान काय, हे मला सांगता येणार नाही.

२० फेब्रुवारी

दिवसभर प्रत्येक बाहुलीपाशी हात अडखळला.

शिवाय हा नवा गुंता. आता माझ्याकडे कारण आहे. पण जायची इच्छा आधीची आहे आणि कारण नंतर हाती लागलेलं आहे. असं मागून आलेलं कारण पुढे करणं प्रामाणिकपणाचं होईल का? मला वाटतं, नाही. ते वापरायचं नाही. त्याबद्दल बाईंना विचारायचंही नाही, कारण विचारलं की ते वापरल्यासारखंच होईल.

२४ फेब्रुवारी

सांगितलं.

सकाळी ब्रशांच्या भांड्यात पाणी भरायच्या आधीच. "बाई, मी काम सोडतेय. दवाखान्यात जागा आहे. एप्रिलअखेरपर्यंत मी इथे आहे. आणि ती पगारवाढ नको."

बाई धागे विंचरत होत्या. एक धागा सरळ करून त्यांनी काचेवर ठेवला.

"बरं," त्या म्हणाल्या. मग, "पगारवाढ झालीय, ती परत घेता येत नाही." मग, "तिथली खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

"उत्तरेला."

"मग ठीक आहे."

संपलं. 'का' म्हणून त्यांनी विचारलंच नाही. इतके दिवस मी त्या एका प्रश्नाला घाबरत होते आणि तो आलाच नाही, तर डोळ्यांत पाणी आलं. नवरा म्हणतो, "सुटलीस ना? मग आता काय?" त्याला काय सांगू? इतक्या वर्षांच्या माणसाला 'का' असं विचारावंसंही वाटू नये?

३ मार्च

बाई तुटक वागताहेत. माझ्या टेबलाकडे फिरकत नाहीत. पूर्वी जाता-येता माझ्या खांद्यावरून बघायच्या, आता लांबून वळसा घालून जातात. रागावल्या असणार. रागावायचा त्यांना हक्कही आहे.

१२ मार्च

आज एक नवीन गिऱ्हाईक आलं. नाटकमंडळीतले प्रॉम्प्टर. पन्नाशीचे, शिडशिडीत. डावा डोळा लहानपणीच विटीदांडू खेळताना गेलाय, आणि आताचा कृत्रिम डोळा झिजून फिका पडलाय. ते सगळं कुजबुजूनच बोलतात. मामांनी विचारलं, "घसा बसलाय का?"

"नाही हो. मोठ्याने बोललो तर प्रेक्षकांना ऐकू जाईल."

मामा हसता हसता साच्याचं भांडं सांडवून बसले.

मी चकती घ्यायला उठले तेव्हा बाई म्हणाल्या, "हा तुझा."

"हो, घेतेय ना चकती."

"चकती नाही. अख्खा. धागे, घुमट, बसवणं, सगळं. माझ्याकडे आणू नकोस." आणि त्या आत जाऊन कप विसळायला लागल्या. कप सकाळीच विसळलेले होते.

हे काय आहे? जाताजाता दिलेला मान की हात झटकणं? मान असता तर निदान माझ्याकडे बघून सांगितलं असतं.

१८ मार्च

प्रॉम्प्टरांच्या चांगल्या डोळ्याचा रंग वरवर तपकिरी, पण आत बाहुलीभोवती हिरवट पाकळ्या आहेत. त्या पकडायला सगळी सकाळ गेली. ते खिडकीपाशी इतके स्थिर बसतात की मध्येच जिवंत आहेत ना, असं बघावं लागतं.

मग बाहुली आली. बाई इथे केसभर वाढवतात, हे आता मला माहीत होतं. का वाढवतात, ते माहीत नव्हतं. नुसतं त्या करतात म्हणून आपणही करायचं? मला समोर जेवढी दिसत होती, तेवढीच मी काढली. भिंगातून तीनतीनदा ताडून पाहिली. जे दिसतं त्यात आपल्या पदरचं काही घालायचं नाही, एवढं तरी मी स्वतःच्या नावावर करू शकते.

काम संपवून वर बघितलं तर बाई दारात उभ्या होत्या. नजर माझ्या चकतीवर. मी थेंब ठेवला, चकती उजेडाकडे धरली. बाई दोन पावलं पुढे आल्या, माझ्या भांड्यातला बारीक ब्रश उचलला, त्याचं टोक ओठांवर टेकवून अणकुचीदार केलं. मग तो ब्रश परत भांड्यात ठेवला आणि "मी जरा दळण टाकून येते," असं म्हणून चपला घालून बाहेर पडल्या.

मामा म्हणाले, "दळण? बाईंच्या घरी तर पीठ आयतं येतं."

२८ मार्च

डोळा बसवला. उत्तम बसलाय. प्रॉम्प्टर आरशात बघत राहिले, उजवीकडे वळले, डावीकडे वळले. "यातला माझा कुठला, विसरायला झालंय," म्हणाले. चक्क मोठ्याने म्हणाले.

घरी येताना मी चालत आले. सासूबाईंनी विचारलं, आज इतकी का खूश? म्हटलं, एक डोळा केला. "रोज करतेस की," त्या म्हणाल्या.

७ एप्रिल

प्रॉम्प्टर परत आले. खिडकीपाशी बसले नाहीत, उभेच राहिले.

"बाईसाहेब, तक्रार नाही हं. डोळा फर्स्ट क्लास आहे. फक्त प्रयोगाच्या वेळी आमची नायिका विंगेत आली की माझ्याकडे बघून दचकते आणि वाक्यं विसरते."

"का?"

"म्हणते, तुमचा एक डोळा मांजरीचा आणि एक कोंबडीचा. परवा तिसऱ्या अंकात मी शब्द पुरवायला तोंड पुढे केलं तर ती मला बघून हसलीच. तेव्हा तिचा नवरा मरत होता. म्हणजे नाटकातला. आता दिग्दर्शक म्हणतोय, तुम्ही काळा चष्मा लावा नाहीतर दुसरा माणूस बघतो. काळा चष्मा लावून मी संहिता वाचायची कशी?"

मी त्यांना कोपऱ्यातल्या अडगळीच्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि एक मंद दिवा लावला. त्यांच्या चांगल्या डोळ्याची बाहुली हळूहळू पसरत गेली, बुबुळाच्या जवळजवळ काठापर्यंत. दुसरा डोळा खिडकीतल्या भर उजेडाचा छोटासा ठिपका घेऊन माझ्याकडे बघत होता. माझा ठिपका. भिंगातून तीनतीनदा ताडून पाहिलेला.

ते गेल्यावर बाईंसमोर जाऊन उभी राहिले.

"तुम्हाला दिसलं होतं."

"हो."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुझा होता तो."

"त्या माणसाचं काम जायची वेळ आलीय, बाई!"

"नाही जाणार. तू दुसरा करशील." मग पहिल्यांदाच त्या माझ्याकडे वळल्या. "माणूस कुठे बसतो, ते विचारलं होतंस?"

"नाटकात असतात, हे माहीत होतं मला."

"कुठे बसतो?"

मी खिडकीपाशच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

"खिडकीपाशी फक्त आपल्याकडे बसतात गं माणसं. एरवी घरात असतात, दुकानात असतात, संध्याकाळी असतात."

"म्हणून तुम्ही माझ्या प्रत्येक बाहुलीला..."

बाईंनी मामांकडे बघितलं. मामा भिंतीकडे बघत होते.

"इतकी वर्षं! एकदा नुसतं सांगायचं होतंत!"

"सांगितलं होतं. तू नवीन आलीस तेव्हा. तू दुसऱ्या दिवशी आली नाहीस, तिसऱ्या दिवशी आली नाहीस. चौथ्या दिवशी मी तुझ्या घरी आले, तर म्हणालीस, मला हे जमणार नाही, तुम्ही दुसरं कुणीतरी बघा. तुझा हात इतका चांगला होता. म्हटलं, एवढ्याशा काळ्यासाठी हा हात का घालवायचा? ते आपणच करू."

"मला यातलं काही आठवत नाही."

"मग सवय लागली," बाई म्हणाल्या. "तुला नाही. मला."

रागाने बोलायला गेले होते. परत जागेवर येऊन बसले तेव्हा तो राग कुठल्या बाजूला वळवायचा, तेच कळेना.

८ एप्रिल

सासूबाईंना विचारलं, मी नवीन असताना कधी बाई घरी आल्या होत्या का?

"आल्या होत्या की. तू पांघरुणात तोंड घालून पडली होतीस. काय झालं विचारलं तर सांगेनास. मीच चहा केला त्यांना."

इतका प्रामाणिकपणाचा आव आणणारी मी, आणि एवढी मोठी गोष्ट विसरून बसले. की विसरले नव्हतेच?

१५ एप्रिल

तालमीला गेले. प्रॉम्प्टरांनी मला विंगेत त्यांच्या स्टुलाशेजारी बसवलं. पडद्यामागचा काळोख, संहितेपुरता एक मिणमिणता दिवा, रंगमंचावरून तिरका येणारा उजेड. मी भिंग घेऊन त्यांच्या डोळ्यात बघत होते आणि ते संहितेवरची नजर न हलवता शब्द पुरवत होते.

मध्यंतरात मी त्यांना खरं ते सांगितलं, की दोन्ही ठिकाणी जुळणारी बाहुली करता येत नाही. इथली केली तर उन्हात विचित्र दिसेल.

"उन्हात मला कोण बघतंय?" ते कुजबुजले. "पण तरी, किराणावाला घाबरू नये एवढं बघा."

दोहोंच्या मधलं, पण काळोखाकडे झुकलेलं माप घेतलं. अंदाजाने. हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या कामाबद्दल लिहितेय.

२४ एप्रिल

दुसरा डोळा बसवून दिला. रात्री प्रयोगानंतर त्यांचा फोन आला. नायिकेने त्यांच्याकडे बघून वाक्य उचललं आणि नवरा व्यवस्थित मेला.

बाईंना सांगितलं. "हं," म्हणाल्या. मग आत जाऊन कप विसळू लागल्या.

३० एप्रिल

शेवटचा दिवस. ब्रश पुसून, गुंडाळून पिशवीत ठेवले. मामांनी पेढे आणले आणि माझ्या वाटचे दोन स्वतःच खाल्ले, "तुमच्या गळ्याखाली आज उतरणार नाहीत" म्हणून.

चारच्या सुमाराला बाईंनी हाक मारली. एका निवृत्त शिक्षिकेचं बुबुळ त्या स्वतः रंगवत होत्या. चिमट्यात चकती, वर पाण्याचा थेंब.

"बघ जरा."

त्यांनी मला बघायला सांगितलं असं या आधी कधी घडलेलं नाही. मी उजेडात धरून बघितलं. बाहुली बिनचूक. पण बाहेरच्या कडेची राखाडी रेघ पिवळ्याकडे गेली होती. थोडी नाही, चांगलीच. माझा हात आपोआप ब्रशाच्या भांड्याकडे गेला.

"हात नको," बाई म्हणाल्या. "तोंडाने सांग."

हात मागे घेतला. ज्यांनी मला ब्रश धरायला शिकवलं त्यांना मी काय सांगायचं? एकदा वाटलं, 'छान झालंय' म्हणावं आणि त्या आत गेल्या की दोन फटकाऱ्यांत नीट करून टाकावं. कुणालाही कळलं नसतं. बाईंनाही बरं वाटलं असतं.

"कड पिवळी झालीय," मी म्हटलं.

बाईंनी चकती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली.

"मला नाही दिसत."

"झालीय, बाई."

"किती?"

"बरीच."

त्यांनी निळसर राखाडी रंग घेतला. "सांगत राहा." मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिले. "अजून. खालच्या बाजूला. अजून थोडं. तिथे नको, अलीकडे." त्यांचा हात सावकाश चालत होता आणि माझी बोटं एकमेकांत रुतत होती. "आता बस."

"बस?"

"बस."

त्यांनी चकती मामांच्या बाकावर नेऊन ठेवली. मी विचारलं, "बाई, उद्यापासून हे कोण बघणार?"

"ते मी बघते. तू नीघ, बस चुकेल."

दारापर्यंत आल्या. का जातेयस, हे शेवटपर्यंत विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते?

घरी आल्यापासून एकच घोळतंय. ती पिवळी कड बाईंना खरंच दिसत नव्हती का? तसं असेल तर मी आज फार वाईट केलं. नको त्या वेळी त्यांना एकटं सोडून आले. की दिसत होती, आणि मला सांगता यावं म्हणून त्यांनी ती मुद्दाम ठेवली होती? उद्या फोन करून विचारावं असं वाटतं, आणि विचारू नये असंही तितकंच वाटतं. लेक म्हणते, "आई, कुठलंही असो, तू काय केलंस?"

मी सांगितलं. ब्रशाला हात लावला नाही.